गणित अडलं की कुणाला, काय आणि कसं विचारायचं

जयगड खाडीकाठच्या एका गावातून प्रश्न आला आहे. मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि रोज एसटीने रत्नागिरीला कॉलेजला येते-जाते. ती लिहिते: "दहावीपर्यंत मराठी शाळेत होते, मार्क चांगले पडायचे. आता फिजिक्स, केमिस्ट्री आणि कॅल्क्युलस या तिन्ही विषयांतली असाइनमेंटची गणितं अडतात. मोबाइलवर फोटो काढला की उत्तर मिळतं, ते मी उतरवते, पण टेस्टला पेपर कोरा राहतो. गावात क्लास नाही. सरांकडे गेले तर ते विचारतात, काय येत नाही? आणि मला सांगताच येत नाही. आई-बाबा म्हणतात, रत्नागिरीत खोली घेऊन क्लास लाव. काय करू?" सोबत तिने चार गणितं पाठवली आहेत आणि जिथे जमलं तिथे आपण काय केलं तेही लिहिलं आहे.

मी कोकणातल्या कॉलेजांत ३२ वर्षं फिजिक्स शिकवलं. आता शनिवारी संध्याकाळी आमच्या पडवीत मुलं वह्या घेऊन बसतात. तिथे केमिस्ट्री आणि कॅल्क्युलसही येतं, कारण अडलेलं मूल विषय बघून अडत नाही. त्या अनुभवावर हे उत्तर लिहितो आहे.

बाळ, तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य "मला सांगताच येत नाही" हे आहे. तुझी खरी अडचण तिथेच आहे आणि ती सुटण्यासारखी आहे. "हे गणित येत नाही" असं सांगितलंस, तर समोरचा फार तर ते गणित सोडवून दाखवेल. तू मान हलवशील, घरी जाशील आणि पुढचं गणित पुन्हा अडेल. "या ओळीपर्यंत मी आले, पुढची ओळ का लिहायची ते कळत नाही" असं सांगितलंस, तर पाच मिनिटांत काम होतं. म्हणून आधी अडलेली ओळ शोधायची आणि मग माणूस शोधायचा. तुझ्याच गणितांवर दाखवतो.

पहिलं गणित फिजिक्सचं. ३० अंशांच्या उतरणीवर ३० किलोचा ठोकळा आहे, घर्षणांक ०.५. तो घसरेल का, आणि घसरला तर त्वरण किती? तू उत्तर लिहिलं आहेस की ठोकळा हलणार नाही. ठोकळ्याच्या जागी जांभ्याचा चिरा घे. टेम्पोतून फळी लावून चिरे उतरवताना तू पाहिलं असशील. वजन ३० गुणिले ९.८, म्हणजे २९४ न्यूटन. उतारावरून खाली ओढणारा भाग त्याच्या निम्मा, १४७ न्यूटन. इथवर तुझं बरोबर आहे. मग तू घर्षण काढताना २९४ ला ०.५ ने गुणलंस, पुन्हा १४७ आले, दोन्ही सारखे, म्हणून चिरा स्थिर. आकडे इतके नेमके जुळले की तुला शंका यायचं कारणच उरलं नाही.

चूक त्या एका गुणाकारात आहे. घर्षण ठरतं ते फळी चिऱ्याला जेवढ्या जोराने लंब दिशेने दाबते त्यावर. फळी तिरकी झाली की तिच्यावर चिऱ्याचा सगळा भार येत नाही. २९४ गुणिले ३० अंशांचा कोसाइन, म्हणजे सुमारे २५५ न्यूटन. त्याचा निम्मा भाग सुमारे १२७. खाली ओढ १४७ ची आणि अडवणूक १२७ ची, म्हणजे चिरा घसरणारच. उरलेले जवळपास २० न्यूटन ३० किलोंना मिळतात, त्वरण सुमारे ०.६६ मीटर प्रति सेकंद वर्ग.

आता बघ, तुला "उतरणीची गणितं" येत नाहीत असं नाहीच. तुला एवढंच माहीत नव्हतं की सपाट जमिनीवर नॉर्मल रिॲक्शन, म्हणजे हाच लंब दिशेचा दाब, वजनाएवढी असते, ती प्रत्येक ठिकाणी तेवढीच असते असं नाही. सपाट जमिनीवरची दहा गणितं सोडवून ती सवय हाताला लागलेली असते. फ्री बॉडी डायग्रॅम काढला असतास, म्हणजे चिरा एकटा काढून त्याच्यावरची तिन्ही बलं बाणांनी दाखवली असतीस, तर हे तुझं तुलाच दिसलं असतं. फिजिक्समध्ये माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून अधिक वह्यांत चित्रच नसतं, सरळ सूत्र असतं. मी पहिली दहा मिनिटं फक्त चित्र काढायला लावतो.

दुसरं गणित केमिस्ट्रीचं. ०.१ मोलर सल्फ्युरिक ॲसिड २० मिलिलिटर आहे, ते पूर्ण उदासीन करायला ०.१ मोलर कॉस्टिक सोडा किती लागेल? तुझं उत्तर २० मिलिलिटर. बरोबर उत्तर ४०. ही चूक मला दरवर्षी दिसते, आणि तिचं मूळ बहुतेक वेळा प्रॅक्टिकलमध्ये असतं. तिथे तुम्हाला एन-वन व्ही-वन बरोबर एन-टू व्ही-टू पाठ करवलेलं असतं. तो एन म्हणजे नॉर्मलिटी, ॲसिडच्या बाबतीत एका लिटरमधून किती मोल हायड्रोजन मिळतात तो आकडा. पुस्तकातलं गणित मोलॅरिटीत, म्हणजे एका लिटरमध्ये पदार्थाचे किती मोल यात, असतं, आणि मूल एनच्या जागी एम लिहून मोकळं होतं. हायड्रोक्लोरिक ॲसिड असेल तर ते चालून जातं, कारण तिथे दोन्ही आकडे सारखेच. सल्फ्युरिकचा एक रेणू मात्र दोन हायड्रोजन देतो, म्हणून ०.१ मोलर म्हणजे ०.२ नॉर्मल. सोडा दुप्पट लागणार.

यावर उपाय सूत्र बदलण्याचा नाही. आधी अभिक्रियेचं समीकरण लिहून तोलायचं, मग मोल मोजायचे आणि आकारमान शेवटी. गणपतीत मोदक करताना आई आधी पाऱ्या किती आणि सारण किती होईल ते बघते, पातेलं कुठलं घ्यायचं ते नंतर. लिमिटिंग रिएजंटची गणितंही याच हिशोबाने सुटतात. सारण संपलं की उरलेल्या पाऱ्यांचे मोदक होत नाहीत, तसं जे आधी संपतं ते किती बनेल हे ठरवतं.

केमिस्ट्रीत आणखी एक जागा आहे, जिथे तुझी चूक नसतानाही तुझं उत्तर जुळणार नाही. वायूंच्या गणितात एका पुस्तकात एका मोलचं आकारमान २२.४ लिटर असतं आणि दुसरीकडे २२.७. दोन्ही खरे आहेत. जुन्या व्याख्येत प्रमाण दाब १ ॲटमॉस्फिअर होता. १९८२ पासून आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटनेने तो १ बार धरायला सांगितला. तापमान दोन्हींत शून्य अंश सेल्सियस. तुमच्या सरांनी कुठलं धरलं आहे ते विचार आणि असाइनमेंटमध्ये तेच वापर. तसंच वायूंच्या समीकरणातल्या आर या स्थिरांकाचं. दाब ॲटमॉस्फिअरमध्ये आणि आकारमान लिटरमध्ये असेल तर ०.०८२१, सगळं एसआय एककांत असेल तर ८.३१४. मोबाइलवर मिळालेलं उत्तर वहीतल्या उत्तराशी जुळत नाही म्हणून मुलं रात्रभर डोकं धरून बसतात, आणि गुंता फक्त एककाचा असतो.

तिसरं कॅल्क्युलसचं. पाच मीटरची शिडी भिंतीला टेकवली आहे, तिचा पाय भिंतीपासून तीन मीटरवर आहे आणि सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने बाहेर सरकतो आहे. वरचं टोक किती वेगाने खाली येईल? तू पायथागोरस लावलास, ते छान. पण लगेच तीनचा वर्ग नऊ लिहून टाकलास आणि मग डेरिव्हेटिव्ह (विकलन, म्हणजे बदलाचा वेग) घेतला. नऊ हा स्थिर आकडा, त्याचं विकलन शून्य, म्हणून उत्तर आलं शून्य. आंबे काढताना शिडीचा पाय सरकला तर वरच्या माणसाचं काय होतं ते तुला सांगायला नको. उत्तर शून्य आलं तिथेच थांबून स्वतःला विचारायचं होतं, की पाय सरकतोय आणि टोक जागेवर कसं?

बदलणारी गोष्ट अक्षरातच ठेवायची, आधी विकलन करायचं आणि त्या क्षणाचा आकडा सगळ्यात शेवटी घालायचा. तसं केलंस की टोकाचा वेग तीन भागिले चार गुणिले अर्धा, म्हणजे सेकंदाला ०.३७५ मीटर, खालच्या दिशेने. रिलेटेड रेट्सची, म्हणजे एका वेगावरून दुसरा वेग काढायची, बहुतेक गणितं याच एका ठिकाणी अडतात. एकदा ही ओळ सापडली की पाण्याची टाकी, फुगा, शंकूतली वाळू, सगळी एकाच वाटेने जातात.

तीन गणितांत तीन ओळी अडल्या होत्या. आता सरांकडे गेल्यावर काय म्हणायचं ते तुझ्याकडे आहे: "सर, शिडीच्या गणितात मी पायथागोरसपर्यंत आले, तीन आधी घातला तर शून्य येतं, असं का?" असा प्रश्न घेऊन आलेल्या मुलाला परत पाठवणारा शिक्षक मी फार क्वचित पाहिला. "काय येत नाही?" हा प्रश्न बहुतेक वेळा तुला झिडकारण्यासाठी नसतो. शिक्षकाला खरोखरच कळत नसतं की सुरुवात कुठून करायची. वही उघडून पुढे कर, खाडाखोड असली तरी. मला कोऱ्या पानापेक्षा खाडाखोडीची वही कितीतरी जास्त उपयोगी पडते, कारण मूल कुठे वळलं ते तिच्यात दिसतं.

वेळ कुठली साधायची? लेक्चर संपल्यावर दारात गाठू नकोस, तेव्हा पुढचा तास असतो. प्रॅक्टिकलचा तास उत्तम. रीडिंग घेऊन झाल्यावर जर्नल लिहिताना सर टेबलाजवळ फिरत असतात, तेव्हा एक प्रश्न विचारता येतो. एका वेळी एकच. प्रयोगशाळा सहायकांनाही विचार. ब्युरेट, व्हर्निअर, लीस्ट काउंट या बाबतीत त्यांचा हात आणि नजर पुष्कळदा आम्हा शिक्षकांपेक्षा पक्की असते.

आता भाषेबद्दल, आणि इथे मला जरा थांबायचं आहे, कारण मराठी शाळेतून आलेली हुशार मुलं इथे स्वतःला मठ्ठ समजू लागतात. दहावीपर्यंत तू मराठीत विचार केलास आणि अकरावीला एकदम सगळं इंग्रजीत आलं. गणिताच्या इंग्रजीत काही शब्द रोजच्या अर्थाने येत नाहीत. "स्मूथ" म्हणजे घर्षण शून्य. "लाइट स्ट्रिंग" म्हणजे जिचं वस्तुमान धरायचं नाही अशी दोरी. एका मुलाने तिचा अर्थ प्रकाशाशी जोडला होता आणि तो वर्षभर कुणाला विचारायला लाजत होता. "ॲट रेस्ट" म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. "जस्ट बिगिन्स टू स्लाइड" म्हणजे स्थितिक घर्षण आपल्या कमाल मर्यादेला पोचलं आहे. "एक्सेस" म्हणजे तो पदार्थ गरजेपेक्षा जास्त आहे, संपणार नाही, हिशोब दुसऱ्याचा कर. "रेस्पेक्टिव्हली" म्हणजे दिलेल्या क्रमाने. यात फिजिक्स काहीच नाही, पण हे शब्द कळले नाहीत तर गणितातली अर्धी माहिती हातातून जाते. वहीच्या शेवटच्या दोन पानांवर असे शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ लिहीत जा. संकल्पना इंग्रजीत पकडता येत नसेल तर मराठी विश्वकोशातली नोंद वाच, ती इंटरनेटवर मोफत आहे. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही तसेच पाहता येतात. संवेग, त्वरण असे शब्द तू शाळेत ऐकले असशील तर तिथून इंग्रजी पुस्तकाकडे जाणं सोपं पडतं. गणित मराठीत समजून घ्यायचं आणि इंग्रजीत लिहायचं, यात कमीपणा काही नाही.

मोबाइलबद्दल. तो बंद कर असं मी सांगणार नाही. खाडीकाठच्या गावात रात्री नऊ वाजता तुझ्याजवळ दुसरं कोण आहे? पण तो तू वापरतेस कसा, ते बदल. आधी वीस मिनिटं कागदावर स्वतः झगड, घड्याळ लावून. मग फोटो गणिताचा काढू नकोस, आपण केलेल्या कामाचा काढ आणि विचार की माझी पहिली चुकीची ओळ कुठली, पुढचं सोडवू नको. एआयची साधनं हे बऱ्यापैकी सांगतात. त्यांच्या चुका मात्र ठाम भाषेत येतात, म्हणून तपासणी तुझ्याकडेच ठेव. इंटिग्रलचं उत्तर आलं की त्याचं विकलन करून मूळ फलन परत येतं का बघ. समीकरणाचं उत्तर आलं की ते परत घालून बघ. फिजिक्सचं आलं की एकक जुळतं का आणि आकडा माणसाच्या अंदाजात बसतो का ते बघ. बारा मीटर उंचीच्या माडावरून सुटलेला नारळ, हवेचा अडथळा सोडला तर, दीड सेकंदाच्या आसपास जमिनीवर येतो. कुणी पंधरा सेकंद म्हटलं तर तुला तिथल्या तिथे ओळखता आलं पाहिजे.

आणि समजलेलं गणित दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर, काहीही न बघता पुन्हा सोडव. तुझा टेस्टचा पेपर कोरा राहतो तो नेमका ही पायरी गाळल्यामुळे. उतरवताना हात चालतो आणि आपल्याला कळलं असं वाटतं. कळलं की नाही ते रिकाम्या पानावरच ठरतं.

पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्हींचा भरवसा नसतो, म्हणून कॉलेजचं वायफाय असेल तेव्हा साठवून घे. एनपीटीईएल या व्याख्यानांच्या संकेतस्थळावर आयआयटी आणि आयआयएस्सीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं आहेत, पण ती लांब असतात; पूर्ण मालिका बघायच्या फंदात न पडता अडलेला धडाच बघ. ओपनस्टॅक्सची फिजिक्स, केमिस्ट्री आणि कॅल्क्युलसची पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात, आणि त्यांतली सोडवलेली उदाहरणं स्वतः शिकणाऱ्यालाही उपयोगी पडतात. जिओजेब्रा या आलेखांच्या ॲपवर फलनाचा आलेख काढला की डेरिव्हेटिव्ह म्हणजे उतार, हे डोळ्यांनी दिसतं. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातली आभासी प्रयोगांची पानं आहेत, त्यांतली बरीच मराठीतही आहेत. यातलं एकच निवड आणि महिनाभर तेच धर. दहा ठिकाणी डोकावणारी मुलं माझ्याकडे परत तेच गणित घेऊन येतात.

एसटीतल्या तुझ्या वेळेबद्दल तू तक्रारीच्या सुरात लिहिलं आहेस. जाण्या-येण्याचे मिळून दिवसाला कित्येक तास जातात, थकवा येतो, ते मी जाणतो. वळणाच्या रस्त्यावर लिहिणं जमणार नाही, पण बोलणं जमतं. त्याच गाडीने येणारी एखादी मैत्रीण गाठ, विषय वेगळा असला तरी चालेल, आणि रोज एक गणित तिला तोंडी समजावून सांग. जिथे अडखळशील ती तुझी अडलेली ओळ. माझ्याकडची एक मुलगी आपल्या आठवीतल्या भावाला सांगायची. त्याला अर्धं कळायचं नाही, तिला मात्र स्वतःची फट सापडायची.

रत्नागिरीत खोली घेऊन क्लास लावायचा का? आई-बाबांना माझ्याकडून सांग की पहिलं सेमिस्टर संपेपर्यंत थांबा. आधी वर सांगितलेलं सहा आठवडे करून बघ. त्यानंतरही एखाद्याच विषयात अडत असेल तर त्या एका विषयाचा क्लास लाव, तिन्हींचा नको. क्लास निवडताना एकच बघ. तिथले सर मुलांना फळ्यावर बोलावतात का, वह्या बघतात का, की नुसत्या नोट्स देतात? एका तासाला बसू देतात का ते विचार. नोट्स आणि "हमखास येणारे प्रश्न" देणाऱ्या ठिकाणी पैसे घालू नका, ते काम तुमचा मोबाइल फुकट करतो आहे.

मदत मागायची लाज वाटते असंही तू ओझरतं लिहिलं आहेस. आपल्याच किनाऱ्यावरचं, आंजर्ल्याजवळचं मुर्डी हे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचं गाव. १८९९ साली केंब्रिजच्या गणित परीक्षेत ते सीनिअर रँग्लर, म्हणजे पहिल्या क्रमांकाचे, झाले, हा मान मिळवणारे पहिले भारतीय. त्या काळात या परीक्षेची तयारी करणारी मुलं खासगी मार्गदर्शकांकडे नियमाने जात, गणितं सोडवून नेत आणि तपासून घेत. तिथे ती नेहमीची रीत होती. जगातली सगळ्यात अवघड समजली जाणारी परीक्षा देणारी मुलं वही दाखवत होती, तर तू आणि मी का लाजायचं?

राहिलं तुझं चौथं गणित, भरतीचं. पाण्याची पातळी सरासरीच्या वर-खाली १.२ मीटर जाते आणि एक फेरी १२.४२ तासांत पूर्ण होते. पाणी सरासरी पातळीवर चढत असताना वेळ शून्य धरली, तर त्या क्षणी पाणी किती वेगाने चढतंय आणि दोन तासांनी किती? हे तू कोरं सोडलं आहेस, म्हणून मी सोडवत नाही. जाळी लावणाऱ्या कुणालाही विचार, पाण्याला ओढ कधी जास्त असते. पूर्ण भरतीला की मधल्या वेळेला? त्यावरून साइनचा आलेख काढ आणि कुठे चढ सर्वांत जास्त आहे ते बघ. शून्य वेळेला तुझं उत्तर ताशी ६१ सेंटिमीटरच्या जवळ यायला हवं, दोन तासांनी ३२ च्या जवळ. दोन्ही वेळेला ६१ च आलं तर कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे, तो रेडियनवर घे. काहीच आलं नाही तर जिथवर आलीस तिथवरचं पान शनिवारी घेऊन ये.